दुसरं महायुद्ध रद्द

परवा भाचीला आणायला शाळेच्या फाटकाशी उभी होते. तिचा दहावीचा इतिहासाचा पेपर होता. मार्चचं ऊन डांबरावर नुसतं थरथरत होतं, समोरच्या रसाच्या गाड्यावरचं घुंगरू पेंगत पेंगत वाजत होतं आणि फाटकापाशी जमलेली आम्ही मोठी माणसं एकमेकांकडे न बघता उभी होतो. लांबलचक घंटा झाली. क्षणभर काहीच नाही. मग जिन्यावरून चपलांचा आवाज उतरत आला आणि गणवेशांचा लोंढा बाहेर पडला. फाटक ओलांडायचा अवकाश, पोरींनी घोळके केले, घड्या घातलेल्या प्रश्नपत्रिका उलगडल्या आणि सुरू झालं. ‘रिकाम्या जागेत काय लिहिलीस?’ ‘कारणं किती सोडवलीस?’ ‘अगं, तो व्हर्सायचाच तह होता ना?’

ते ‘होता ना?’ कानावर पडलं आणि मी पर्सचा पट्टा घट्ट धरला. मला आता कुणी पेपर देणार नाही, कुणी निकाल लावणार नाही. तरीही दर वर्षी उन्हाला ही अशी धार चढली, उसाच्या ट्रॉल्या गावातून जाताना मागे चोयट्या सांडून गेल्या, की माझ्या अंगात कुठूनतरी ती जुनी भीती शिरते. पेपर लिहीत असताना माणूस फारसं भीत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. हात चालू असतो, शाई संपत असते, भ्यायला सवड नसते. भीती बाहेर थांबलेली असते, झाडाखाली. पेपर सुटला की ती हाताला धरून विचारते, ‘तू काय लिहिलंस?’

आमची दहावी नवं शतक उजाडल्यानंतरची. त्या वर्षी आमच्या इतिहासाच्या पुस्तकात जग होतं. महायुद्धं, क्रांत्या, तह, वसाहती. मंगळवार पेठेतल्या आम्ही पोरी, लांबात लांब म्हणजे जोतिबाच्या डोंगरापर्यंत गेलेल्या, आणि सकाळी उठून सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला कुणी गोळी घातली ते घोकत होतो. आई भाकरी थापता थापता विचारायची, ‘कोण मेला गं?’ मी सांगायची. ‘बिचारा,’ म्हणून ती पुढची भाकरी थापायची. युवराजाला तेवढंच दुःख कोल्हापुरात लाभलं.

आम्ही तिघी होतो. मी, पद्मा आणि शिवलीला. पद्मा शिरोळकडची, जैन शेतकऱ्याची मुलगी. शिकायला आत्याकडे राहायची. तिला सगळं येत असे आणि येतं हे ती कधी लपवत नसे. वर्गात बाईंनी चुकीचं साल सांगितलं तर ही बसल्या जागेवरून, ‘न्हाय बाई, त्याच्या आदलं वर्ष,’ म्हणून मोकळी व्हायची. आमच्याकडे मुलीही ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात. पण पद्माच्या तोंडी ते ‘मी सांगतो’ असं काही यायचं, की समोरचा गप्पच व्हायचा.

शिवलीला पार सीमेजवळच्या गावाची. घरचं किराणा दुकान, घरात बोलणं कानडी. ती काकांकडे राहायची. तिच्या थोरल्या बहिणीलाही असंच कोल्हापुरात ठेवलं होतं. ती दहावीला नापास झाली आणि परत गावी गेली. शाळा तिथेच संपली. शिवलीलाला सोडायला आले तेव्हा वडील मोटारस्टँडवर एवढंच म्हणाले होते, ‘पास झालीस तर पुढचं बघू. नाहीतर घर आहेच.’ ते ‘घर आहेच’ तिने आम्हाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला त्यात माया ऐकू आली होती. तिला मात्र त्यात दार लागल्याचा आवाज ऐकू यायचा. इतिहास तिच्या जिवावर यायचा. सगळी उत्तरं ती मराठीतून, पण कानडी हेल काढून पाठ म्हणायची, एखादं स्तोत्र म्हणावं तशी. मध्ये एक शब्द निसटला तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि आमच्या सगळ्यांच्या वर एक भीती होती, तिचं नाव ‘रस्टिगेट’. खरा शब्द काय आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. पांढऱ्या जीपमधून पथक येतं, कुणाच्या तरी मोज्यात चिठ्ठी सापडते आणि ती मुलगी रस्टिगेट होते. मग तिला वर्षानुवर्षं परीक्षेला बसता येत नाही. अशी मुलगी आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. पण प्रत्येकीच्या ओळखीच्या कुणाच्या तरी ओळखीत, इचलकरंजीत किंवा कागलात, ती असायचीच.

इतिहासाच्या पेपराला आमच्या वर्गावर तरुण सर होते. दुसऱ्या शाळेतून नेमणुकीवर आलेले, नुकतेच लागलेले शिक्षणसेवक. म्हणजे काही वर्षं मानधनावर राबायचं, सगळं सुरळीत झालं तर कायम. ‘घाबरू नका,’ असं ते आम्हाला सुरुवातीला म्हणाले आणि ते म्हणताना पुरवण्या बांधायच्या दोऱ्यांचा गुंडा त्यांच्या हातून खाली पडून बाकांखालून घरंगळत गेला. आम्ही हसलो. तेही हसले. आमच्या बाकांमधून फिरताना ते पावलंसुद्धा चोरून टाकत होते, जणू पेपर त्यांचाच होता.

पेपर सुटला. फाटकाबाहेर चिंचेचं झाड होतं, आम्ही त्याच्या सावलीला गेलो. पद्माने प्रश्नपत्रिका उघडली. तिने प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने बारीक खूण केलेली होती.

‘राष्ट्रसंघाचं मुख्यालय?’ तिने मला विचारलं.

‘न्यूयॉर्क,’ मी म्हटलं.

‘न्यूयॉर्क?’ पद्मा मोठ्याने हसली. ‘अगं, ते संयुक्त राष्ट्रांचं. राष्ट्रसंघाचं जिनिव्हा. गेला तुझा मार्क. पुढं बोल.’

माझा चेहरा उतरला. मी माझी प्रश्नपत्रिका घडी घालून पिशवीत टाकली. शिवलीलाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती रुमालासाठी पिशवीत हात घालून चाचपडत होती. रुमाल मिळेना म्हणून तिने लिहायचं पॅड बाहेर काढलं, त्याच्या चिमट्यातली प्रश्नपत्रिका ओढली आणि तशीच थांबली.

प्रश्नपत्रिकेच्या खाली, त्याच चिमट्यात, आणखी एक कागद होता. आखलेला, दोन्ही बाजूंनी भरलेला, वर सरांची सही. पुरवणी होती ती. तिने शेवटी लिहायला घेतलेलं मोठं उत्तर त्यात होतं, दुसऱ्या महायुद्धाचे परिणाम. घंटेच्या घाईत तिने हातातली एक पुरवणी बांधली होती. दुसरी पॅडलाच राहिली आणि तिच्याबरोबर फाटकाबाहेर आली.

‘यव्वा,’ तिने कानडीत आईला हाक मारली.

भीतीला वास असतो का? मला त्या क्षणाचा वास आजही येतो. चिंचेच्या पाल्याचा आंबट वास, शाईचा, आणि घामाने भिजलेल्या सुती कापडाचा. आजूबाजूला पोरी ओरडत होत्या, कुणी भेळ खात होत्या, आणि आमच्या तिघींच्या मध्ये तो कागद होता. त्याच्याकडे कुणी बघू नये म्हणून मी माझी ओढणी त्याच्यावर टाकली. बोर्डाचा लिहिलेला कागद वर्गाबाहेर आणणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्याची शिक्षा आम्ही मनाने ठरवायला मोकळ्या होतो, आणि मनाने सगळ्यात मोठी ठरवली.

‘फाडून टाक,’ मी म्हटलं. ‘चल, रंकाळ्यात टाकू. कुणाला काय कळतंय?’

‘अप्पा,’ शिवलीला म्हणाली. तिला वडिलांशिवाय काही दिसत नव्हतं.

पद्मा मात्र विचार करत होती. ‘पहिल्या पानावर पुरवण्या किती म्हणून लिहिलीस?’

शिवलीलाने तिच्याकडे पाहिलं. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर पुरवण्यांची संख्या लिहायची असते. ‘आठवत न्हाय,’ ती म्हणाली. ‘दोन लिहिलंय काय एक, खरंच आठवत न्हाय गं.’

‘दोन लिहिली असशील आणि बांधलेली एकच घावली, तर शोधत येतील. तुलाबी आणि त्या सरांस्नीबी. चल मागं.’

‘मला रस्टिगेट करतील.’

‘मी येतो की संगट. चल.’

आजही मला कळत नाही, पद्माला ते धैर्य कुठून आलं. मी मागे चालत होते ती धैर्याने नाही. एकटी मागे राहायची भीती जास्त होती म्हणून.

फाटकावरच्या होमगार्डने काठी आडवी धरली. ‘पेपर सुटला की. आता आत काय सोनं ठेवलंय व्हय?’

‘पावणं, वर्गावरच्या सरांस्नी भेटायचंय. लई गरजेचं हाय,’ पद्मा म्हणाली. त्याने पद्माकडे पाहिलं, मग शिवलीलाच्या तोंडाकडे. काय दिसलं कोण जाणे, काठी खाली घेतली.

सर व्हरांड्यात माठाचं पाणी पीत होते. शिवलीलाने कागद पुढे केला. त्यांनी तो पाहिला, आपली सही पाहिली आणि पेला हातातच राहिला. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर भीती चढताना मी पहिल्यांदा बघत होते. आमचे बाबा फौंड्रीत कामाला, तापलेल्या लोखंडाशी रोजचा संबंध, त्यांना मी कशाला भिताना पाहिलं नव्हतं. माझी समजूत अशी होती की भीती ही दहावीपर्यंतच असते. पुढे ती सुटते, फ्रॉक सुटतो तशी.

‘कुणी बघितलं?’ सरांनी हळूच विचारलं.

‘कुणी न्हाय,’ पद्मा म्हणाली.

‘पहिल्या पानावर किती लिहिलंस?’

‘आठवत नाही, सर.’

ऑफिसातून लाखेचा वास येत होता. आत गठ्ठ्यांना मोहोर लावायचं काम सुरू होतं. सर एकदा त्या दाराकडे बघत, एकदा कागदाकडे. हा कागद परत पोरीच्या हातात द्यावा आणि जा म्हणावं, इतकं ते सोपं होतं. तिने ‘एक’ लिहिलं असतं तर जन्मात कुणाला पत्ता लागला नसता. ‘दोन’ लिहिलं असतं तर त्यांची नोकरी कायम व्हायच्या आधीच डाग लागला असता. आम्हा चौघांपैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी पेला माठावर पालथा घातला आणि म्हणाले, ‘चल माझ्याबरोबर.’

पद्मा आणि मी दाराशी थांबलो. दाराला अर्धा पडदा होता. त्याच्या कडेने आतलं दिसत होतं. केंद्राच्या प्रमुख बाई टेबलामागे बसल्या होत्या. चष्मा नाकावर ओघळलेला. शिपाईमामा मेणबत्तीवर लाखेची कांडी धरून होते.

‘मॅडम, एक पुरवणी जोडायची राहिली,’ सर म्हणाले. ‘माझ्याकडून मोजून घ्यायच्या राहिल्या.’

बाईंनी कागद हातात घेतला. ‘कुठं होता?’ त्यांनी शिवलीलाला विचारलं.

‘पॅडला.’

‘आणि पॅड कुठं होतं?’

‘बाकावरच…’ असं सर बोलायला लागले.

‘बाहेर,’ शिवलीला त्याच वेळी म्हणाली. ‘चिंचेखाली.’

सरांचं वाक्य तिथेच राहिलं. मामांच्या कांडीवरून लाखेचा थेंब कागदावर पडला. मी पद्माचं मनगट पकडलं होतं. ते किती घट्ट, हे तिने नंतर मला वळ दाखवून सांगितलं.

‘बाई, मला रस्टिगेट करणार?’ शिवलीलाने विचारलं. तो हेल, ते कानडी मराठी. आम्ही वर्षभर तिला त्यावरून चिडवलं होतं.

बाईंनी कागद बाजूला ठेवला. ‘हिची उत्तरपत्रिका काढा,’ त्या मामांना म्हणाल्या. आमच्या वर्गाचा गठ्ठा अजून उघडा होता. मामांनी शोधून ती काढली. बाईंनी पहिलं पान बघितलं. बघून ते उलटं फिरवून सरांपुढे आणि शिवलीलापुढे धरलं. मला आकडा दिसला नाही, पण सरांचे खांदे खाली आलेले दिसले.

‘एक लिहिलीय, एक बांधलीय. गठ्ठा बरोबर आहे,’ बाई म्हणाल्या. मग त्यांनी लाल पेन उचललं आणि शिवलीलाच्या त्या पुरवणीवर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, दोन रेघा ओढल्या. मध्ये लिहिलं, ‘रद्द’. ‘फाटकाबाहेर गेलेला कागद मला जोडता यायचा नाही, पोरी. खराब झालेल्या पुरवण्या रोज निघतात. ही त्यातलीच एक. जा. भूगोलाचा अभ्यास कर.’

शिवलीला हलली नाही. ती त्या लाल रेघांखालचं आपलं अक्षर बघत होती. इतके दिवस घोकलेलं, एकही शब्द न निसटता उतरलेलं ते एकमेव उत्तर होतं. सरांनी खुर्चीची पाठ धरली होती. बाईंनी एकदा दाराकडे बघितलं आणि तो कागद खराब पुरवण्यांच्या अगदी तळाशी सरकवला. त्यांनाही भीती होती, हे मला त्यावरून कळलं.

बाहेर आलो. चिंचेपर्यंत चालत गेलो. मग पद्मा म्हणाली, ‘दुसरं महायुद्ध रद्द झालं की गं.’

शिवलीला हसली. हसता हसता तिने ओढणी तोंडावर घेतली आणि तिथेच चिंचेच्या मुळावर बसली.

परत गेलो नसतो तरी मार्क तेवढेच मिळाले असते. हे मी कितीदा तरी मनाशी मांडून पाहिलं आहे. गेल्यामुळे काही हाती लागलं नाही. फक्त एक भीती गेली आणि तिची जागा दुसरीने घेतली. आता प्रश्न असा होता की एवढं मोठं उत्तर गेल्यावर शिवलीला पास होते की नाही. तेव्हा पद्माने पुन्हा प्रश्नपत्रिका उघडली. मघाशी जी ताळा करायची खोड आम्हाला नकोशी झाली होती, तीच आता करायची होती.

‘चल, बघूया. राहिलेल्यात पास हायेस का. राष्ट्रसंघाचं मुख्यालय?’

शिवलीला ओढणीआडून म्हणाली, ‘न्यूयॉर्क.’

मी पद्माकडे पाहिलं. पद्माने पेन्सिल उचलली आणि खूण केली. ‘बरोबर,’ ती म्हणाली.

‘नक्की?’

‘मीबी तेच लिहिलंय की. पुढं बोल.’

पुढे शिवलीलाने आणखी काही चुकीचं सांगितलं, काही बरोबर सांगितलं. पद्मा सगळ्यावर ‘बरोबर’ म्हणत खुणा करत गेली. बाईंनासुद्धा भर वर्गात खोडून काढणारी ती पोर, त्या दुपारी तिने जगाचा अर्धा इतिहास बदलला. तह भलत्या गावी झाले, मुख्यालयं समुद्र ओलांडून गेली. मी मान डोलावत राहिले. शेवटी तिने खुणा मोजल्यासारखं केलं आणि म्हणाली, ‘निघतंय. इतिहास-भूगोल मिळून पास व्हायचं असतंय. भूगोलात जरा जास्त मार्क वड, झालं.’

भूगोलाच्या पेपराला सर आमच्या वर्गावर नव्हते, शेजारच्या वर्गावर होते. शेवटची घंटा झाल्यावर त्यांचा आवाज भिंतीपलीकडून येत होता, ‘पुरवण्या मोजा. परत मोजा. दोरा ओढून बघा.’ शिवलीलाने तिची गाठ इतक्या वेळा ओढली की दोरा तुटला आणि तिला नवा मागून घ्यावा लागला.

मग सुट्टी. कसली सुट्टी! कैऱ्या, पत्ते, मामाचा गाव, सगळ्याच्या तळाशी तो निकाल बसलेला. शिवलीला गावी गेलीच नाही. ‘एकदा गेलो तर परत यायला मिळायचं न्हाय,’ म्हणायची. काकूला पापड लाटू लागायची, आणि पापड लाटता लाटता ओठ हलत असायचे. रद्द झालेलं उत्तर ती अजून घोकत होती.

परवा त्या फाटकाशी भाची रसाचा ग्लास घेऊन माझ्याजवळ आली. मला म्हणाली, ‘मावशी, एक चुकलंय बहुतेक.’ मी काय चुकलंय ते विचारलं नाही. ‘बर्फ घातलाय का बघ त्याने,’ म्हटलं. ती माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघत राहिली. या वयात दुसऱ्याने विचारलं तरी भीती वाटते आणि न विचारलं तरी वाटते.

त्या वर्षी जूनमध्ये आमचा निकाल लागला. शाळेच्या पटांगणात चिखल, छत्र्या, पालक. पद्माला अपेक्षेप्रमाणे भरघोस मार्क. मी माझ्यापुरती ठीक. शिवलीला रांगेत पुढे सरकेना, म्हणून पद्मानेच तिचा कागद घेतला, वाचला आणि तिच्यापुढे धरला. पास होती. इतिहासाने हात सोडला होता, भूगोलाने तिला ओढून काढलं होतं.

तिला आनंद झाला नाही. आधी ती घाबरलीच. ‘चुकून झालं असेल,’ म्हणाली. ‘नंतर कळलं तर काढून घेतील.’ आम्ही तिला दोन्ही बाजूंनी धरून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर नेलं. काचेच्या त्या पेटीत ती एकटी शिरली आणि आम्ही बाहेर. तिने फोन लावला. गावात त्यांच्या शेजारच्या घरी फोन होता, तिथून वडिलांना हाक मारून बोलवावं लागे. पण कुणाला बोलवायची वेळच आली नाही. पलीकडून लगेच आवाज आला असावा, कारण ती दचकली.

‘अप्पा, पास आदे,’ ती म्हणाली. एवढं कानडी आम्हाला समजलं. मग ती नुसती ऐकत राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला, मग तिने कपाळ काचेला टेकलं. पास होऊनही परत बोलवलं की काय?

ती बाहेर आली.

‘काय म्हणाले?’ पद्माने विचारलं.

‘सकाळपासनं तिथं फोनपाशीच बसलेत,’ शिवलीला म्हणाली. ‘अव्वाला सांगितलं होतं, पोरगी नापास झाली तरी एक शब्द बोलायचा न्हाय. तिकडच्या गावात मागच्या वर्षी एका पोरीनं निकालादिवशी विहिरीत उडी टाकली. तेव्हापासनं…’ नाक पुसून ती पुन्हा म्हणाली, ‘मी म्हटलं, अप्पा, मी लई भ्यालो होतो. तर म्हणाले, तू कशाला भितीस? आम्हीच भिऊन बसलोय की, वरीसभर.’